चपळ हालचाल आणि संथ कॅमेरा

१८३८ साली लुई दागेर या फ्रेंच संशोधकाने पॅरिसमधील एका हमरस्त्याचे छायाचित्र उंच खिडकीतून घेतले. त्या वेळी रस्त्यावर गाड्याघोड्यांची आणि माणसांची वर्दळ होती. परंतु चित्रात तो रस्ता जवळजवळ निर्मनुष्य दिसतो. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर प्रकाशाचा ठसा उमटण्यास काही मिनिटे लागत असल्यामुळे जे जे हलत होते ते ते चित्रातून नाहीसे झाले. बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी उभा राहिलेला मनुष्य तेवढा त्यात टिकून राहिला. हालचाल टिपण्याची छायाचित्रकलेची धडपड अशी तिच्या जन्माबरोबरच सुरू झालेली आहे.

आजचे कॅमेरे सेकंदाच्या हजाराव्या भागात चित्र घेऊ शकतात. तरीही लहानसा, खिशात मावणारा कॅमेरा घेऊन खेळाच्या मैदानावर गेलेल्या मनुष्याच्या हाती पुष्कळदा दागेरच्या रस्त्यासारखेच रिकामे चित्र येते. बटण दाबले तेव्हा धावपटू चौकटीच्या मध्यभागी होता. चित्रात मात्र धुळीचा लोट आणि चौकटीबाहेर निघालेली एक टाच एवढेच उरते. कारण आता वेगळे आहे. प्रकाशाचा ठसा क्षणार्धात उमटतो. पण तो उमटू देण्यापूर्वी कॅमेरा बराच वेळ विचार करीत बसतो.

मोठ्या स्पर्धांच्या ठिकाणी वृत्तपत्रांचे छायाचित्रकार महागडी साधने घेऊन हजर असतात. तालुक्याच्या क्रीडास्पर्धेला, गावच्या जत्रेला किंवा शाळेच्या वार्षिक सामन्यांना मात्र असे कोणी जात नाही. तेथे एखाद्या शिक्षकाजवळ किंवा मोठ्या भावाजवळ असलेला साधा कॅमेराच त्या दिवसाची एकमेव नोंद ठेवतो. तो क्षण पुन्हा घडवून आणता येत नाही. म्हणून मंद कॅमेऱ्याकडून चपळ काम कसे करून घ्यावे, हा प्रश्न वरवर दिसतो तितका क्षुल्लक नाही.

विलंब कोठे होतो

बटण दाबल्यापासून चित्र उमटेपर्यंतच्या काळाचे तीन भाग पाडता येतात. पहिल्या भागात कॅमेरा भिंग मागेपुढे सरकवून प्रतिमा स्पष्ट करतो. दुसऱ्या भागात तो प्रकाश मोजून, भिंगाचे छिद्र किती उघडावे आणि झडप, म्हणजेच शटर, किती वेळ उघडी ठेवावी हे ठरवितो. तिसऱ्या भागात प्रत्यक्ष चित्र घेतले जाते. यांपैकी शेवटचे दोन भाग मिळून बहुधा सेकंदाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक वेळ घेत नाहीत. पहिल्या भागाला मात्र, विशेषतः जुन्या लहान कॅमेऱ्यांत, सेकंदाच्या एकतृतीयांशापासून एका सेकंदापर्यंत वेळ लागतो. प्रकाश कमी असल्यास तो याहूनही वाढतो.

या विलंबाचे मोल थोड्याशा गणिताने स्पष्ट होईल. एक मुलगी सेकंदाला ७ मीटर वेगाने धावत आहे आणि कॅमेऱ्याच्या चौकटीत मैदानाची ५ मीटर रुंदी मावते असे समजू. चौकटीच्या मध्यापासून कडेपर्यंत अंतर अडीच मीटर आहे. ते कापण्यास तिला सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाहून किंचितच अधिक वेळ लागेल. कॅमेऱ्याने अर्धा सेकंद घेतला, तर ती चौकटीबाहेर एक मीटर पुढे गेलेली असेल. हाताचा वेग कितीही वाढविला तरी हा हिशेब बदलत नाही, कारण दिरंगाई हाताची नसून यंत्राची आहे.

स्पष्टतेचा शोध

कॅमेऱ्याला इतका वेळ का लागावा? बहुतेक जुन्या लहान अंकीय कॅमेऱ्यांना वस्तूचे अंतर ठाऊक नसते आणि ते मोजण्याचे स्वतंत्र साधनही त्यांच्याजवळ नसते. प्रतिमा अस्पष्ट असली की तिच्यातील काळ्या-पांढऱ्या कडा एकमेकींत मिसळतात. ती स्पष्ट झाली की कडांमधील फरक तीव्र होतो. कॅमेरा भिंग थोडे सरकवितो, हा फरक मोजतो, पुन्हा सरकवितो आणि पुन्हा मोजतो. फरक वाढत असेल तर तो त्याच दिशेने पुढे जातो. तो कमी होऊ लागला की शिखर मागे राहिले असे समजून परत फिरतो. अंधारात चाचपडत टेकडी चढणाऱ्या मनुष्याला माथा ओलांडून उतार लागल्यावरच माथा कोठे होता ते कळावे, तसाच हा प्रकार होय.

या पद्धतीच्या मर्यादा सहज ध्यानात येतील. संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात कडांमधील फरकच कमी असतो, त्यामुळे भिंग मागेपुढे भरकटत राहते. निरभ्र आकाश किंवा एकरंगी भिंत समोर असेल तर कॅमेऱ्याला धरण्याजोगी कडाच सापडत नाही. वस्तू स्वतःच पुढे सरकत असेल, तर ज्या माथ्याचा शोध चालला आहे तो माथाच जागा बदलतो.

अधिक प्रगत कॅमेऱ्यांत भिंगाच्या दोन बाजूंनी येणाऱ्या किरणांची तुलना केली जाते. त्यामुळे भिंग कोणत्या दिशेने आणि किती सरकवावे हे एकाच मोजणीत समजते. १९८५ च्या मिनोल्टा कॅमेऱ्याने ही पद्धत एकभिंगी परावर्ती कॅमेऱ्यांत रूढ केली. आज अनेक भ्रमणध्वनींच्या संवेदकांतही तिची योजना असते. तथापि शाळांच्या कपाटांत आणि घराघरांतील खणांत पडलेले जुने लहान कॅमेरे अद्याप चालू स्थितीत आहेत आणि अलीकडे तरुण मंडळी ते पुन्हा हाती घेऊ लागली आहेत. त्यांना शोधाचा हा मंद मार्गच उपलब्ध आहे.

जुन्यांची रीत

यंत्राने स्वतः प्रतिमा स्पष्ट करणे ही गोष्ट फार जुनी नाही. असा पहिला कॅमेरा मोठ्या प्रमाणावर बाजारात आला तो १९७७ मध्ये, कोनिका या जपानी कंपनीचा. त्यापूर्वीच्या सुमारे दीडशे वर्षांत घोडे धावले, युद्धे झाली, राजकीय घडामोडी घडल्या आणि त्या सर्वांची छायाचित्रे घेतली गेली. ती घेणाऱ्यांची रीत जाणून घेणे म्हणूनच उपयुक्त ठरते.

एडवर्ड मायब्रिज या इंग्रज छायाचित्रकाराने जून १८७८ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे धावत्या घोड्याची प्रसिद्ध चित्रमालिका घेतली. धावपट्टीच्या कडेला त्याने बारा कॅमेरे एका ओळीत मांडले होते. पट्टीवर आडवे दोरे ताणलेले होते आणि घोड्याच्या पायांनी ते तुटताच एकेका कॅमेऱ्याची झडप उघडत असे. चौखूर धावताना घोड्याचे चारही पाय काही क्षण जमिनीपासून सुटतात हे या चित्रांनी सिद्ध केले. ते पाय चित्रकार दाखवीत तसे मागेपुढे ताणलेले नसून पोटाखाली एकत्र आलेले असतात, हेही त्यांतून कळले. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, मायब्रिजच्या एकाही कॅमेऱ्याने घोड्याचा पाठलाग केला नाही. प्रत्येकाचे भिंग पट्टीवरील ठरावीक जागेवर आधीच स्थिर केलेले होते. घोडा त्या जागी आला, एवढेच.

भारतातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी दिल्लीत काम करताना स्पीड ग्राफिकसारखा जड कॅमेराही वापरला. असल्या कॅमेऱ्यात प्रत्येक चित्रानंतर फिल्म बदलावी लागते, त्यामुळे एका प्रसंगाची दहा चित्रे घेऊन त्यांतील एक निवडण्याची चैन तेथे शक्य नसते. नेता पायऱ्या उतरून कोठे थांबेल, हात केव्हा उंचावेल, याचा अंदाज आधी बांधावा लागे आणि अंतर त्यानुसार लावून ठेवावे लागे. मंद कॅमेरा हाती असलेल्या आजच्या हौशी माणसानेही हीच वाट धरावयाची आहे.

जागा आधी ठरविणे

बहुतेक लहान कॅमेऱ्यांचे बटण दोन टप्प्यांत दाबले जाते. ते अर्धे दाबले की कॅमेरा प्रतिमा स्पष्ट करून प्रकाश मोजतो आणि बटण तसेच धरून ठेवले तर तो निर्णय कायम राहतो. पूर्ण दाबले की चित्र घेतले जाते. या साध्या सोयीत सारे मर्म साठविलेले आहे. विलंबाचा मोठा भाग घटनेपूर्वीच उरकून घेता येतो आणि घटनेच्या वेळी केवळ छोटा भाग शिल्लक राहतो.

मात्र यासाठी घटना कोठे घडणार हे ठाऊक असावे लागते. ही माहिती कॅमेरा देत नाही. ती खेळाच्या ज्ञानातून येते. खो-खोचे उदाहरण घ्यावे. या खेळाला नियमबद्ध रूप देण्यात पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचा मोठा वाटा होता. जानेवारी २०२५ मध्ये त्याची पहिली जागतिक स्पर्धा नवी दिल्लीत झाली आणि तीत भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी विजेतेपद मिळविले. पळणारा गडी मैदानात वाटेल तसा वळू शकतो, त्यामुळे त्याच्या मागे कॅमेरा फिरविणे व्यर्थ होय. पाठलाग करणाऱ्यावर मात्र नियमाचे बंधन असते. एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत त्याला मागे फिरता येत नाही आणि मधली रेषाही ओलांडता येत नाही. मधल्या ओळीतील आठ गडी आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले असतात. म्हणजे पाठलागाचा मार्ग पुष्कळसा आधीच आखलेला असतो आणि तो दोन्ही टोकांच्या खांबांपाशी येऊन मिळतो. खांबाच्या आधाराने अंग झोकून गडी बाद करण्याचे नेत्रदीपक क्षण तेथेच येतात. ज्याने खांबावर भिंग स्थिर केले आणि बटण अर्धे दाबून धरले, त्याला घटनेच्या मागे धावावे लागत नाही. घटनाच त्याच्याकडे येते.

कर्नाटकाच्या किनारपट्टीवरील कंबळा या शर्यतीतही हेच दिसून येते. चिखलाने भरलेल्या सरळ पट्ट्यातून रेड्यांची जोडी धावते. काही प्रकारांत फळीवर उभा राहिलेला हाकणारा पाणी किती उंच उडवितो यावर निकाल ठरतो आणि त्यासाठी पट्ट्यावर उंच कापड बांधलेले असते. सर्वांत उंच उसळी कोठे पाहावयाची, याची खूण तेथे आयोजकांनीच करून ठेवलेली असते. छायाचित्रकाराने त्या कापडाखालच्या जागेइतक्याच अंतरावरील एखाद्या स्थिर वस्तूवर, उदाहरणार्थ कडेच्या खुंटीवर, कॅमेरा स्थिर करून वाट पाहावी. मात्र पट्ट्याच्या शेवटी, जनावरे थांबतात त्या ठिकाणी उभे राहण्याचा मोह टाळावा. चांगल्या चित्रासाठी जीव धोक्यात घालण्याची आवश्यकता नसते.

उंच उडीची आडवी काठी, सायकलशर्यतीचे वळण, केरळातील पुन्नमडा सरोवरावरील नौकाशर्यतीची अंतिम रेषा, झोपाळ्याचे टोक अशी कितीतरी स्थाने या पद्धतीला अनुकूल असतात.

स्पष्टतेची खोली

काही घटनांची जागा आधी सांगता येत नाही. जत्रेत नाचणारी माणसे किंवा अंगणात खेळणारी मुले कोठे वळतील याचा नेम नसतो. अशा वेळी लहान कॅमेऱ्याचा एक मोठा गुण उपयोगी पडतो, तो म्हणजे त्याच्या भिंगाचे अल्प केंद्रांतर.

कोणतेही भिंग एका विशिष्ट अंतरावरील वस्तूची प्रतिमा सर्वाधिक स्पष्ट करते; परंतु त्या अंतराच्या पुढचा आणि मागचा काही भागही डोळ्यांना पुरेसा स्पष्ट भासतो. या पट्ट्याला स्पष्टतेची खोली म्हणता येईल. भिंगाचे केंद्रांतर जितके कमी आणि छिद्र जितके लहान, तितकी ही खोली अधिक. लहान कॅमेऱ्याच्या बोटाच्या नखाहूनही लहान संवेदकासाठी, विस्तृत दृश्य घेताना, सुमारे ६ मिलिमीटर केंद्रांतराचे भिंग पुरते. छिद्रांक ४ असताना असे भिंग १.८ मीटर अंतरावर स्थिर केले, तर सुमारे ९० सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सर्व काही स्पष्ट येते. ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यात ३५ मिलिमीटरचे भिंग त्याच छिद्रांकावर वापरले, तर हाच लाभ मिळविण्यासाठी ते सुमारे १० मीटरवर स्थिर करावे लागते आणि ५ मीटरच्या आतील सारे अस्पष्ट होते.

तात्पर्य असे की, विस्तृत दृश्याच्या स्थितीत लहान कॅमेऱ्याला प्रत्येक वेळी स्पष्टतेचा शोध घेण्याची गरजच नसते. ज्या कॅमेऱ्यात अंतर हाताने लावण्याची सोय आहे, तेथे दोन मीटर लावून ठेवावे आणि शोधाचे काम बंद करावे. ती नसेल तर निसर्गदृश्यासाठी दिलेली खूण निवडावी. तिच्यामुळे भिंग बहुधा दूरवर स्थिर राहते. दूरची वस्तू जवळ ओढणारी सोय मात्र अशा वेळी टाळणे इष्ट. केंद्रांतर २० मिलिमीटरपर्यंत वाढविले आणि छिद्रांक ५.६ ठेवला, तर ६ मीटरवर स्थिर केलेल्या भिंगाची स्पष्टता साधारण ४.२ ते १०.३ मीटर एवढ्याच पट्ट्यात सामावते. वस्तू जवळ आणण्याऐवजी स्वतः चार पावले पुढे जाणे अधिक हिताचे असते.

गती थांबविणे आणि वाहू देणे

प्रतिमा वेळेवर घेतली तरी ती पुसट येऊ शकते, कारण झडप उघडी असताना वस्तू हलत असते. चौकटीत ५ मीटर रुंदी मावते आणि छापील चित्र २५ सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे वस्तू वीसपट लहान झाली आहे, असे समजू. सेकंदाला १० मीटर वेगाने आडवा जाणारा सायकलस्वार १/५०० सेकंदात २ सेंटिमीटर सरकतो. चित्रावर ही रेघ १ मिलिमीटरची होते आणि ती डोळ्यांना खुपते. १/२००० सेकंद ठेवल्यास ती पाव मिलिमीटरवर येते आणि हाती धरून पाहताना फारशी जाणवत नाही. इतक्या अल्प काळासाठी भरपूर प्रकाश लागतो किंवा संवेदकाची संवेदनक्षमता वाढवावी लागते. क्षमता वाढविली की चित्रात कण दिसू लागतात. परंतु कणीदार चित्र पुसट चित्रापेक्षा केव्हाही बरे.

प्रकाश कमी असल्यास तीन मार्ग उरतात. पहिला दिशेचा. कॅमेऱ्याकडे सरळ येणारी वस्तू आडव्या जाणाऱ्या वस्तूपेक्षा चौकटीत फार कमी सरकते, म्हणून वळणाच्या टोकाशी उभे राहणे लाभदायक ठरते.

दुसरा मार्ग विसाव्याच्या क्षणाचा. वर उडालेली प्रत्येक वस्तू माथ्यावर क्षणभर थबकते. ६० सेंटिमीटर उंच उडी मारणारा मनुष्य सुमारे ०.७ सेकंद हवेत असतो आणि त्यातील निम्मा काळ, म्हणजे ०.३५ सेकंद, तो उडीच्या वरच्या १५ सेंटिमीटरांतच घालवितो. उडी कितीही उंच असली तरी निम्मा काळ वरच्या चतुर्थांशात जातो, हा गुरुत्वाकर्षणाचा नियमच आहे. झोक्याची दोन टोके आणि चेंडू फेकण्यापूर्वी मागे गेलेला हात यांतही असाच विसावा असतो. तो हेरणाऱ्याला १/२५० सेकंदही पुरतो.

तिसरा मार्ग गतीला शरण जाण्याचा. झडप १/३० सेकंद उघडी ठेवून, धावत्या सायकलस्वाराबरोबर कमरेपासून वरचे अंग सारख्या वेगाने फिरवीत चित्र घेतले, तर स्वार बराच स्पष्ट येतो आणि मागचे दृश्य आडव्या रेघांत विरघळते. बटण दाबल्यावरही अंग फिरवणे थांबवू नये, एवढे पथ्य पाळावे. यात विलंबाची बाधाही कमी होते, कारण कॅमेरा वस्तूबरोबरच चालत असतो.

रात्रीच्या चित्रांसाठी असलेला विद्युत्-प्रकाश मैदानावर फारसा उपयोगी नाही. लहान कॅमेऱ्याचा प्रकाश काही मीटरांपलीकडे पोहोचत नाही आणि पुढच्या चित्रासाठी तो तयार होण्यास वेळ लागतो. डोळ्यांतील लाली टाळणारी सोय चालू असेल तर विलंब आणखी वाढतो. शिवाय खेळाडूंचे आणि जनावरांचे डोळे दिपविणे उचितही नाही.

आपल्या कॅमेऱ्याची ओळख

प्रत्येक कॅमेऱ्याचा विलंब निराळा असतो आणि तो घरच्या घरी मोजता येतो. सेकंदाचे शतांश भाग दाखविणारे घड्याळ समोर ठेवावे, ठरावीक आकडा येताच बटण पूर्ण दाबावे आणि चित्रात कोणता आकडा उमटला ते पाहावे. हा प्रयोग दहा वेळा करून सरासरी काढावी. नंतर बटण आधी अर्धे दाबून धरून तोच प्रयोग पुन्हा करावा. मोजणाऱ्याच्या बोटाची दिरंगाई दोन्ही वेळा सारखीच असल्यामुळे दोन सरासरींतील फरक म्हणजे स्पष्टतेच्या शोधास लागलेला काळ होय. दुसऱ्या प्रयोगात जो विलंब उरतो, तेवढे आधी बटण दाबावयाचे असते. सरावाने ही गोष्ट अंगवळणी पडते.

कॅमेऱ्याच्या मागील पडद्यावरचे दृश्यही प्रत्यक्षापेक्षा किंचित मागे असते. म्हणून चौकट एकदा जमली की नजर पडद्यावरून काढून मैदानावर ठेवावी. सलग चित्रे घेण्याची सोय असली तर ती वापरावी. पण तिच्यावर विसंबू नये, कारण एका चित्रानंतर दुसरे येईपर्यंत मधला क्षण निसटू शकतो.

वेगवान कॅमेरा मिळाला तर कोणीही तो नाकारणार नाही. पण खांबापाशी काय घडणार आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याला वेगवान कॅमेराही तेथे घेऊन जाणार नाही. मंद यंत्र माणसाला आधी पाहावयास, आधी विचार करावयास आणि जागेवर थांबावयास भाग पाडते. आपल्या शाळेच्या मैदानावर, आपल्याच मुलांचा खेळ वर्षानुवर्षे पाहिलेल्या शिक्षकाजवळ हे ज्ञान आधीपासूनच असते. बटण अर्धे दाबून धरण्याची सवय त्याने लावून घेतली, तर सामन्यानंतर फलकावर लागणाऱ्या चित्रात धुळीच्या लोटाऐवजी खांबाला धरून झेपावणारी मुलगी दिसेल आणि तिच्या घरी ते चित्र पुढची कित्येक वर्षे जपले जाईल.